व्हेपरफ्लाय की मेटास्पीड स्काय? आधी पाय बघू या

डिसेंबर लागला की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारचे पेशंट वाढतात. एक म्हणजे थंडीने सांधे आखडलेले ज्येष्ठ नागरिक आणि दुसरे जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारे. दुसऱ्या गटातली मंडळी गुडघा किंवा टाच दाखवायला आलेली असतात. तपासणी होते, व्यायाम सांगून होतात आणि मग खरा प्रश्न येतो. "डॉक्टर, कार्बन प्लेटचे शूज घेऊ का?" त्याच्या पाठोपाठ दुसरा. "घ्यायचेच तर नाइकीचे व्हेपरफ्लाय घेऊ की असिक्सचे मेटास्पीड स्काय?"

याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. शूजची किंमत वीस हजारांच्या घरात किंवा त्याहून जास्त असते, आणि चुकीच्या वेळी चुकीच्या पायात गेले तर दुखण्याचा खर्च वेगळाच. म्हणून हा लेख.

मी हाडांचा डॉक्टर आहे आणि गेली नऊ वर्षे हौशी धावपटूही आहे. दोन्ही शूज मी स्वतःच्या पैशांनी विकत घेतले आहेत. कोणत्याही कंपनीशी माझा संबंध नाही. (दोन जोडांच्या किमतीत नवा फ्रिज आला असता, याची आठवण आमच्या घरात अधूनमधून करून दिली जाते.)

या शूजमध्ये असते तरी काय?

नेहमीचे रनिंग शूज हातात घेऊन वाकवले तर चवड्यापाशी सहज वाकतात. कार्बन प्लेटचे शूज वाकत नाहीत. त्यांच्या जाड तळव्यात कार्बन फायबरची एक पातळ, कडक पट्टी टाचेपासून बोटांपर्यंत बसवलेली असते. या पट्टीच्या वर आणि खाली अतिशय हलका, मऊ आणि उसळी देणारा फोम असतो.

लोकांना वाटते की सगळी करामत त्या कार्बन पट्टीची. पट्टी स्प्रिंगसारखी वाकते आणि आपल्याला पुढे फेकते, असे चित्र डोळ्यांपुढे असते. प्रत्यक्षात मोठा वाटा फोमचा आहे. पाय जमिनीवर पडतो तेव्हा फोम दबतो. दबताना त्यात ऊर्जा साठते आणि पाय उचलताना त्यातली काही परत मिळते. व्हेपरफ्लायच्या सुरुवातीच्या नमुन्यावर यंत्राने दाब देऊन मोजले, तेव्हा सुमारे ८७ टक्के ऊर्जा परत मिळाली. त्याच वेळी तपासलेल्या दोन नावाजलेल्या रेसिंग शूजमध्ये हे प्रमाण ७६ आणि ६६ टक्क्यांच्या आसपास होते.

२०२२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. अमेरिकेतील संशोधकांनी व्हेपरफ्लायचा एक जोड घेऊन त्यातल्या कार्बन पट्टीला आडवे सहा छेद दिले. पट्टीचा कडकपणा बराच कमी झाला. मग त्याच धावपटूंना अखंड आणि छेद दिलेल्या अशा दोन्ही शूजमध्ये पळवले. लागणाऱ्या ऊर्जेत म्हणावा असा फरक सापडला नाही. म्हणजे पट्टी निरुपयोगी आहे असे नाही. एवढा जाड आणि मऊ फोम पायाखाली लडबडू नये, त्याला आकार राहावा, यासाठी ती लागतेच. पण 'कार्बन' हा शब्द वाचून कोणतेही शूज घेतले तर तेवढाच फायदा मिळेल, हे खरे नाही. फोम कोणता, हे आधी बघावे.

चार टक्के, पण कोणाचे?

हे सगळे सुरू झाले २०१६-१७ च्या सुमारास. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या मॅरेथॉनचे तिन्ही पदकविजेते व्हेपरफ्लायच्या बाजारात न आलेल्या नमुन्यांवर पळाले होते. मे २०१७ मध्ये इटलीतील मोंझाच्या मोटार शर्यतीच्या ट्रॅकवर एल्युड किपचोगेने खास आखलेल्या प्रयत्नात मॅरेथॉनचे अंतर २ तास ० मिनिटे २५ सेकंदांत पार केले. त्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांचा अभ्यास आला आणि 'चार टक्के' हा आकडा जगभर गेला.

तो अभ्यास नीट समजून घ्यायला हवा. त्यात १८ धावपटू होते आणि सगळे चांगलेच वेगवान. वेग ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर. ताशी १४ म्हणजे साधारण ३ तासांची मॅरेथॉन आणि ताशी १८ म्हणजे २ तास २० मिनिटांची. सरासरी बचत ४ टक्के होती, पण व्यक्तीगणिक ती साधारण २ ते ६ टक्के इतकी वेगवेगळी होती. अभ्यासाला पैसा नाइकीचा होता आणि काही लेखक त्याच कंपनीत नोकरीला होते. हे त्यांनी लपवलेले नाही आणि पुढे इतरांनाही फायदा आढळला, म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. पण वाचताना ते माहीत असावे.

आता आपल्या दोन शूजकडे येऊ. २०२२ मध्ये आणखी एक तुलना झाली. कार्बन प्लेटच्या सात शूजवर १२ धावपटूंना ताशी १६ किलोमीटर वेगाने पळवले. साध्या रेसिंग शूजच्या तुलनेत व्हेपरफ्लायच्या तेव्हाच्या आवृत्तीत सुमारे २.७ टक्के ऊर्जा वाचली आणि मेटास्पीड स्कायच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे २.५ टक्के. सातपैकी काही शूजमध्ये तर साध्या शूजपेक्षा काहीच फरक पडला नाही, आणि त्यांच्यातही कार्बन प्लेट होतीच.

२.७ आणि २.५. या दोन आकड्यांत जेवढे अंतर आहे त्याहून जास्त फरक एकाच माणसाच्या सोमवारच्या आणि गुरुवारच्या पळण्यात असतो. त्यामुळे 'यातले जास्त वेगवान शूज कोणते' या प्रश्नाला माझे उत्तर आहे, दोन्ही. वाद तिथे नाही.

आपल्या वेगाला काय मिळते?

माझ्याकडे येणारे बहुतेक धावपटू साडेतीन ते साडेपाच तासांत मॅरेथॉन पूर्ण करतात. त्यांच्यासाठी २०२३ चा एक अभ्यास जास्त महत्त्वाचा आहे. त्यात १६ धावपटूंना व्हेपरफ्लाय घालून सावकाश पळवले. ताशी १२ किलोमीटरला सरासरी बचत १.४ टक्के निघाली आणि ताशी १० किलोमीटरला ०.९ टक्के. काही जणांची ऊर्जा उलट जास्त खर्च झाली.

ताशी १० किलोमीटर म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटे, म्हणजेच ४ तास १३ मिनिटांची मॅरेथॉन. त्यावर ०.९ टक्के म्हणजे ढोबळमानाने दोन-सव्वादोन मिनिटे. साडेतीन तासांत पळणाऱ्याला तीनएक मिनिटे. ही सरासरी आहे, तुमच्या वाट्याला काय येईल ते आधी सांगता येत नाही.

दोन मिनिटे म्हणजे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. माझी स्वतःची सर्वोत्तम वेळ बरीच वर्षे ४ तास २ मिनिटे होती. हे शूज जेवढे देतात असे म्हणतात, नेमके तेवढेच मला हवे होते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ती दोन मिनिटे किती मोठी वाटतात, हे मॅरेथॉन पळणाऱ्यांना सांगायला नको. पण हेही पाहिले आहे की गर्दीच्या उत्साहात पहिले ५ किलोमीटर जास्त वेगाने पळालेला माणूस पेडर रोडच्या परतीच्या चढावर याच्या कितीतरी पट वेळ गमावतो. मुंबईची फुल मॅरेथॉन पहाटे सुरू झाली तरी चार-साडेचार तासांत पळणाऱ्याचे शेवटचे १० किलोमीटर उन्हात आणि दमट हवेत जातात. तिथे पाणी, मीठ आणि आधी राखलेला वेग कामाला येतो.

दोन्ही शूज शेजारी ठेवले तर

मी वापरले ते व्हेपरफ्लाय ३, म्हणजे २०२३ ची आवृत्ती, आणि मेटास्पीड स्काय पॅरिस, म्हणजे २०२४ ची. दोन्ही हातात घेतले तर वजनात फारसा फरक जाणवत नाही. दोन्ही दोनशे ग्रॅमच्या आसपास. दोन्हींचा तळवा जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या ४० मिलिमीटरच्या मर्यादेत बसतो. ही मर्यादा, आणि एका बुटात एकच प्लेट हा नियम, २०२० सालचा.

पायाच्या दृष्टीने तीन फरक महत्त्वाचे आहेत.

पहिला फरक टाचेच्या उंचीचा. टाचेखालच्या आणि चवड्याखालच्या जाडीत जो फरक असतो त्याला धावपटू ड्रॉप म्हणतात. व्हेपरफ्लायचा ड्रॉप ८ मिलिमीटर, स्काय पॅरिसचा ५. तीन मिलिमीटर म्हणजे दोन नाण्यांची जाडी. पण टाच जितकी खाली, तितका घोटा जास्त वाकतो आणि पोटरी व टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, जास्त ताणली जाते. पळताना या शिरेवर प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. चार तासांच्या मॅरेथॉनमध्ये, मिनिटाला १७० पावले धरली तर, एकेका पायाची वीस हजार पावले होतात. तिथे तीन मिलिमीटरचा हिशेब मोठा होतो. शिवाय फोम मऊ असल्याने टाचेवर पडणाऱ्या धावपटूची टाच आणखी खाली दबते. डब्यावर छापलेला ड्रॉप आणि पळताना मिळणारा ड्रॉप एकच नसतो.

दुसरा फरक प्लेटच्या जागेचा. स्कायमध्ये प्लेट पायाच्या जवळ, वरच्या बाजूला आहे आणि तिच्याखाली फोमचा जाड थर. असिक्स म्हणते की लांब ढांगा टाकून पळणाऱ्यांसाठी स्काय आणि भरभर छोटी पावले टाकणाऱ्यांसाठी त्यांचेच दुसरे मॉडेल, एज. व्हेपरफ्लायमधली प्लेट चमच्यासारखी वळलेली आहे आणि फोमच्या दोन थरांमध्ये बसते. धावताना स्काय चवड्याखाली जास्त उसळतो असे मला वाटले, तर व्हेपरफ्लाय टाचेकडून पुढे लोटतो असे. ही माझ्या पायांची भाषा झाली. तुमचे पाय वेगळे बोलू शकतात.

तिसरा फरक रुंदीचा. व्हेपरफ्लायचा तळवा मधल्या भागात, कमानीखाली, अरुंद आहे. स्काय माझ्या पायाला चवड्यात थोडा ऐसपैस वाटला. लहानपणी बराच काळ अनवाणी वावरलेल्या माणसांचे चवडे रुंद असतात. दक्षिण भारतात अनवाणी चालणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसले आहे. गावाकडे वाढलेले माझे अनेक पेशंट याच वर्गात मोडतात. त्यांनी कोणत्याही कंपनीचे शूज ऑनलाइन, नंबर टाकून मागवू नयेत. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, दुकानात जाऊन घालून बघावेत. अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा हवी आणि करंगळीला दाब नको.

माझ्या पायांवर काय झाले

पुण्यात सणस मैदानावर मी गेल्या वर्षी एक साधा प्रयोग केला. दर आठवड्याला एकदा, एकाच वेळी सकाळी, ५ किलोमीटर, म्हणजे ट्रॅकच्या साडेबारा फेऱ्या. वेग ठरलेला, किलोमीटरला ५ मिनिटे ४० सेकंद, म्हणजे चार तासांच्या मॅरेथॉनचा. एका आठवड्याला एक जोड, पुढच्या आठवड्याला दुसरा. असे आठ आठवडे. नाडीचे ठोके, मिनिटाला पडणारी पावले आणि दुसऱ्या दिवशी कुठे दुखते, एवढेच लिहून ठेवले.

ठोक्यांत फरक सापडला नाही. सरासरीत एक-दोन ठोके इकडे-तिकडे, आणि तेवढा फरक तर आदल्या रात्री झोप कमी झाली तरी पडत होता. पावले दोन्ही शूजमध्ये नेहमीपेक्षा दोन-तीनने कमी पडली. म्हणजे ढांग थोडी लांबली. प्रयोगशाळेतही असेच दिसले आहे. हा एका माणसाचा घरगुती प्रयोग. यातून विज्ञान सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे.

पण दुखण्याच्या रकान्यात मात्र नक्षी उमटली. स्कायच्या दुसऱ्या दिवशी माझ्या पोटऱ्या भरून येत. व्हेपरफ्लायच्या दुसऱ्या दिवशी पोटऱ्या ठीक, पण मांडीची बाहेरची बाजू आणि कंबरेचा स्नायू जाणवे. यात शूजचा दोष काही नाही. माझ्या पोटऱ्या मुळात ताठ आहेत, दिवसभर ऑपरेशन थिएटरमध्ये उभे राहून त्या तशा झाल्या आहेत. कमी ड्रॉपने त्यांच्यावरचा भार वाढला, एवढेच.

माझ्यासोबत पळणाऱ्या भूलतज्ज्ञ मैत्रिणीने हेच दोन जोड तिच्या मापात वापरून पाहिले. तिचे उलटे. तिच्या पोटऱ्या मजबूत, ती चवड्यावर पडते, आणि टाचेच्या बाजूला अरुंद तळवा तिला डगमगता वाटला. तिने स्काय निवडला, मी व्हेपरफ्लाय. आम्ही दोघे एकाच ग्रुपमध्ये, एकाच रस्त्यावर, जवळपास एकाच वेगाने पळतो.

जानेवारीत मी ३ तास ५८ मिनिटांत पोचलो. ग्रुपवर सगळ्यांनी शूजला श्रेय दिले. माझ्या वहीत मात्र इतरही नोंदी आहेत. त्या वर्षी मी चार महिने न चुकता आठवड्यातून दोनदा पोटरी आणि कंबरेचे व्यायाम केले, तीन किलो वजन उतरवले आणि पहिले दहा किलोमीटर मुद्दाम सावकाश पळालो. त्या चार मिनिटांतली शूजची किती, हे मला वेगळे काढता येत नाही.

एका पेशंटचा पाय

आता ज्या कारणाने हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

अडतिसाव्या वर्षातला एक चांगला धावपटू लंगडत आला. पायाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या थोडे पुढे दुखत होते. सूज नाही, मुरगळल्याचे आठवत नाही. पळायला लागले की दुखायचे, थांबले की कमी व्हायचे. एक्स-रे आधीच काढून आणला होता आणि तो अगदी नॉर्मल होता. त्याने दोन महिन्यांपूर्वी कार्बन प्लेटचे शूज घेतले होते. वरच्या दोन्हींपैकी नव्हेत, तिसरेच कोणते तरी. किंमत वसूल करायची म्हणून रोजचे पळणेही त्यातच. त्याच काळात त्याने आठवड्याचे अंतर ४० वरून ६५ किलोमीटरवर नेले होते आणि वजन कमी करायला रात्रीचे जेवण सोडले होते.

मी एका बोटाने त्या जागेवर दाबले आणि तो खुर्चीतून उठला. एमआरआय केला. नॅव्हिक्युलर हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर.

नॅव्हिक्युलर म्हणजे पायाच्या कमानीच्या माथ्यावर बसलेले, होडीच्या आकाराचे छोटे हाड. पाऊल पुढे ढकलताना भार याच्यातून जातो. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तिथली चीर लवकर भरत नाही. साध्या एक्स-रेत ती बहुतेक वेळा दिसतही नाही. आठ आठवडे पाय टेकायचा नाही, असे त्याला सांगावे लागले. कुबड्या घेऊन घरचा जिना चढताना त्याच्या मुलीने विचारले, "बाबा, तुम्ही परत पळणार ना?" हे त्यानेच मला पुढच्या भेटीत सांगितले.

२०२३ मध्ये अमेरिकेतील क्रीडावैद्यक डॉ. अ‍ॅडम टेनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच पाच धावपटूंची माहिती प्रसिद्ध केली. पाचही जणांना कार्बन प्लेटचे शूज वापरल्यानंतर याच हाडाला इजा झाली होती. पाच जणांवरून शूज दोषी ठरत नाहीत. माझ्या पेशंटच्या बाबतीतही अंतर एकदम वाढवणे आणि कमी खाणे ही दोन मोठी कारणे होतीच. पण तर्क असा आहे की कडक तळव्यामुळे बोटांचा सांधा कमी वाकतो, आणि तिथला भार थोडा मागे, पायाच्या मधल्या भागाकडे सरकतो. शूज भार नाहीसा करत नाहीत. एका जागेचा भार दुसऱ्या जागेवर नेतात. ती दुसरी जागा तयार नसेल तर तिथे तडा जातो.

मग कोणते घ्यायचे?

आता वरच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. तुमची पोटरी ताठ असेल, टाचेची शीर पूर्वी दुखलेली असेल, तुम्ही टाचेवर पडत असाल आणि पाऊल अरुंद असेल, तर जास्त ड्रॉपचे, म्हणजे या दोघांत व्हेपरफ्लाय, आधी घालून बघा. पोटऱ्या भक्कम असतील, चवड्यावर पडत असाल, चवडा रुंद असेल किंवा गुडघ्याच्या पुढच्या बाजूला जुना त्रास असेल, तर स्काय आधी घालून बघा. दोन्ही बसले, तर ज्यात तुम्ही शूजबद्दल विसरून जाता ते घ्या. त्या दिवशी दुकानात जे स्वस्त असतील ते घेतले तरी चालेल.

घेतल्यावर एवढे पाळा:

पहिले दोन आठवडे, आठवड्यातून एकदाच आणि २० ते ३० मिनिटे. नंतर हळूहळू वाढवत सहा ते आठ आठवड्यांत एका लाँग रनच्या अर्ध्या अंतरापर्यंत जा. शर्यतीच्या तीन आठवडे आधी घेतले असतील, तर ते या शर्यतीत नकोत.

रोजचे पळणे साध्या शूजमध्येच. हा मऊ फोम लवकर दमतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पायाच्या छोट्या स्नायूंना कामाची सवय राहायला हवी.

ओल्या रस्त्यावर, पाण्याच्या स्टॉलपाशी आणि तीव्र उतारावर जपून. उंच, मऊ तळव्यावर घोटा सहज कलतो. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट उतरताना मी स्वतः साधे शूज पसंत करतो.

नवे शूज आणि वाढलेले अंतर एकाच महिन्यात नको. दोन्हींपैकी एकच बदला.

पायाच्या वरच्या बाजूला बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, आणि पळताना वाढत असेल, तर पळणे थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून पुन्हा सुरू करू नका.

कोणी घेऊ नयेत?

पहिल्याच वर्षी पळायला लागलेल्यांनी नको. पूर्वी स्ट्रेस फ्रॅक्चर झालेल्यांनी, पाळी अनियमित झालेल्या किंवा थांबलेल्या धावपटू स्त्रियांनी आणि व्हिटॅमिन डी खूप कमी असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी, शूज नंतर. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर हे शूज नकोतच. दुखले तरी कळणार नाही.

आणि आणखी एक गट. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली माझ्याकडे येतात. त्यातला एक जण १६०० मीटरच्या चाचणीसाठी मित्रांकडून उसने पैसे घेऊन असे शूज घेणार होता. त्याला मी नको म्हटले. त्याला मिळाली असती ती दोन-चार सेकंदे, तीही मिळाली तर. त्या पैशांत सहा महिने दूध, अंडी, शेंगदाणे आणि एक चांगला साधा जोड येतो, आणि त्याच्या हाडांना त्याची जास्त गरज होती.

शेवटी, वीस हजार खर्च करायच्या आधी एक फुकटची चाचणी करा. आज रात्री दात घासताना भिंतीला बोटे टेकवा, एका पायावर उभे राहा आणि टाच पूर्ण वर उचलून सावकाश खाली आणा. न थांबता पंचवीस वेळा. मग दुसऱ्या पायावर. पंधरालाच पोटरी थरथरायला लागली, किंवा एका पायाला जमते आणि दुसऱ्याला नाही, तर तुमची दोन मिनिटे सध्या त्या पोटरीत अडकलेली आहेत. रोज दोनदा हाच व्यायाम तीन महिने करा. त्यानंतर शूजच्या दुकानात जा. तेव्हा कोणतेही घेतले तरी पाय त्यांना सांभाळून घेईल.